फुलायच्या आधी

माझ्या पहिल्याच पावसाळ्यात मी दोन टोपल्या कोळीची भाजी उपटवून खतखड्ड्यात टाकली, आणि टाकताना आपण काम चोख करतो आहोत असंच मला वाटत होतं.

मी निफाडकडची. कांदा आणि द्राक्षं यांच्यात वाढले, कृषी पदविका केली आणि नोकरी लागली ती थेट समुद्राकाठी, घोलवडजवळच्या एका खासगी रोपवाटिकेत. मुख्य माल चिकूची कलमं. जोडीला आंबा, नारळ आणि बोर्डीकडे बंगले बांधणाऱ्या मुंबईकरांसाठी शोभेची झाडं. शेठनी त्याच वर्षी तलासरीच्या बाजूला, महामार्गापासून आत, टेकडीच्या पायथ्याला दोन एकरांचा तुकडा घेतला होता. तिथे शेडनेट उभारायचं होतं आणि पावसाआधी जागा साफ करून घेण्याचं काम माझ्यावर होतं. पाऊस माझ्याआधी पोचला. दहा-पंधरा दिवसांत त्या उतारावर जागोजाग हिरवे झुबके उभे राहिले. लांब, चपटी, मधोमध पन्हळ असलेली पानं, थेट जमिनीतून फुटलेली. माझ्या निफाडी डोळ्याला ते कांद्याच्या पातीचं चुलत भावंड दिसलं, नाहीतर लव्हाळ्याचं थोरलं. पेरलेलं नाही, ओळखीचं नाही, वर जागा अडवतंय. मी सांगून टाकलं, काढा.

कामाला सहा वारली बायका होत्या. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं आणि काढायला सुरुवात केली. रोजावर आलेलं माणूस नव्या मुकादमाला पहिल्या आठवड्यात शिकवायला जात नाही. मला एवढंच दिसलं, की त्या मुळासकट उपटत नव्हत्या, पाती खुडून बाजूला ठेवत होत्या. मला वाटलं, आळस. मी ओरडले, मुळासकट! मग मुळं वर आली. पांढरी, बोटभर लांब, घोसाने लटकणारी. तेव्हाही डोक्यात उजेड पडला नाही.

दुपारी त्यांच्यातल्या सगळ्यात वयस्क बाईंनी आपल्या भाकरीवरची भाजी माझ्या डब्याच्या झाकणात घातली. त्यांना पुढे सोळा वर्षं मी मावशी म्हणत आले. भाजी मऊ होती, किंचित बुळबुळीत, डाळ घातलेली. चांगली आहे, म्हटलं. मावशी म्हणाल्या, "खा. तू टाकलीस तीच आहे."

कोळीची भाजी. डहाणूच्या बाजारात पहिल्या पावसानंतर आदिवासी बायका तिच्या जुड्या घेऊन रस्त्याच्या कडेला बसतात, आणि आठवड्या-दोन आठवड्यांत ती निबर होऊन संपते. मावशींच्या पाड्यावर ती आधी देवाला दाखवायची आणि मगच चुलीवर चढवायची, अशी रीत. मी ती देवाआधी खड्ड्याला दाखवली होती.

शरमेपोटी मी तिचं पुस्तकातलं नाव शोधायला बसले. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींवरचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात निघाला. वनस्पती ओळखणारी माणसं आजही त्याच्याकडे घरातल्या वडीलधाऱ्याकडे पाहावं तसं पाहतात. पण त्यात ही सापडण्याचा प्रश्नच नव्हता. मुंबईच्या झेवियर्स कॉलेजातले स्पॅनिश पाद्री फादर सांतापाव आणि त्यांचे सहकारी फर्नांडिस यांनी तिचं शास्त्रीय वर्णन केलं ते १९५०च्या दशकात, आणि नाव ठेवलं बोरिवलीवरून, क्लोरोफायटम बोरिविलिएनम. आयुर्वेदाच्या दुकानात जिची मुळं सफेद मुसळी म्हणून वजनावर विकली जातात ती हीच. म्हणजे त्या दिवशी मी भाजीही टाकली आणि औषधही. डहाणूहून गाडीत बसले की बोरिवली स्टेशनावर मला अजून ती भाकर आठवते.

या चुकीने मी शहाणी झाले असते तर बरं होतं. मी घाबरट झाले. अनोळखी काही दिसलं की उपटायचं नाही, फूल येऊ द्यायचं, पुस्तकात पाहायचं, मग ठरवायचं, असा नियम मी स्वतःला घालून घेतला. नियम ऐकायला छान आहे. त्यानेच माझा घात केला.

शोभेची झाडं आमच्याकडे बाहेरून येत. आंध्रातलं गोदावरीकाठचं कडियम म्हणजे देशभरच्या रोपवाटिकांची घाऊक पेठ. शिवाय पुणे, गुजरात, कुठून कुठून ट्रक येत. प्रत्येक पिशवीत झाड एक, आणि माती मात्र त्या त्या गावची. दुसऱ्या पावसाळ्यात अशाच काही पिशव्यांत, जास्वंदीच्या बुंध्याशी, एक रोप उगवलं. समोरासमोर पानं, त्रिकोणी, कडेला दाते. पानावर तीन शिरा ठळक, दंताळ्याच्या दातांसारख्या. चुरगळलं की उग्र वास. मी मावशींना दाखवलं. त्यांनी पान नाकाशी नेलं, उलटं केलं आणि परत दिलं. "ही आपली नाय. काढ."

"कशी आहे ते माहीत आहे का?"

"नाय. म्हणूनच काढ."

मला ते अडाणीपणाचं वाटलं. कोळीच्या प्रसंगानंतर मी त्यांच्यापुढे मान तुकवली होती ती फक्त त्यांच्या माहितीपुढे. माहीत नाही असं त्या म्हणाल्यावर निवाड्याचा हक्क माझ्याकडे परत आला, असं मी मनात धरलं. चार रोपं उचलून मोठ्या कुंडीत लावली. ती कमरेइतकी झाली, त्यांना फांद्यांवर फांद्या फुटल्या. डिसेंबरात निळसर पांढऱ्या फुलांचे झुपके आले, फुलपाखरं आली. मी पुस्तक काढलं. फूल, पान, शिरा, वास, सगळं जुळलं. रानमोडी. रान मोडते म्हणून रानमोडी. अमेरिकेच्या उष्ण भागातून शोभेचं झाड म्हणून आलेली आणि कोकणापासून केरळापर्यंत डोंगर व्यापून बसलेली. नाव सापडल्याचा मला आनंद झाला होता, हे लिहायला आज लाज वाटते. त्या आनंदात कुंड्या तशाच राहिल्या. बी धरलं. म्हाताऱ्या उडतात तसं ते कापूस लावून उडालं आणि पुढच्या जूनमध्ये शेडनेटखालच्या ओळीच्या ओळी तीन शिरांच्या पानांनी भरल्या. ती काढायला आम्हाला तीन पावसाळे लागले. मधल्या काळात विकलेल्या पिशव्यांबरोबर किती गेली, जव्हारला गेली की नाशिकला, त्याची मोजदाद कुणी केलेली नाही.

मावशी मला एकदाही काही बोलल्या नाहीत. वाईट ते हेच.

पेच असा आहे. पुस्तक फूल मागतं. पाकळ्या किती, पुंकेसर किती, बीजकोष वर की खाली, यावर वनस्पतीशास्त्राची सगळी कुळं उभी आहेत, आणि ते बरोबरच आहे, कारण पानं फसवतात. पण तण काढायचं ते फुलायच्या आत. फूल आलं की बी आलं, आणि बी पडलं की पुढच्या वर्षांची मजुरी पडली. म्हणजे ज्या दिवशी ओळख पक्की होते, त्या दिवशी निर्णयाची वेळ टळलेली असते. खुरपं हातात असलेल्या माणसाला चार पानांवर ठरवावं लागतं, आणि त्या चार पानांबद्दल पुस्तकं फारसं बोलत नाहीत.

चार पानांचं पुस्तक या बायकांच्या हातात होतं. रानमोडीनंतर मी ते नीट बघायला लागले. त्या उभ्याने बघतच नाहीत. बसतात, रोप दोन बोटांत धरतात आणि आधी बुडखा बघतात. तांबूस आहे का, केसाळ आहे का, गोल की चौकोनी. चौकोनी असेल तर तुळशीच्या जातकुळीतलं असायची शक्यता. मग पान मोडतात. दूध आलं तर दुधी, नाहीतर तिच्या नात्यातलं कुणी. मग वास. सगळ्यात शेवटी पानाचा आकार. मी शिकले होते ते नेमकं उलट्या क्रमाने. आणि जमिनीतून निघणारी पहिली दोन पानं, ज्यांना आम्ही बीजपत्रं म्हणतो, ती त्यांना तोंडपाठ. गारवेलीची पहिली पानं आपट्याच्या पानासारखी मधोमध दुभंगलेली असतात. पुढची पानं बदामी निघतात, पण ती येण्याच्या आधीच मावशींच्या बोटांनी गारवेल उचललेली असे. टाकळा आणि रानकासविंदा कोवळेपणी शेजारी उभे केले तर मला वेगळे करता येत नसत. टाकळ्याच्या पानाला पानुल्यांच्या तीन जोड्या, टोकं गोलसर. रानकासविंद्याच्या चार-पाच, टोकदार. टाकळा ताटात जातो. रानकासविंद्याच्या शेंगा पोराबाळांच्या आणि गुरांच्या तोंडापासून लांब ठेवायच्या, त्यांच्या बिया विषारी. हा फरक जोड्या मोजून करावा लागतो हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्या हसल्या. त्यांनी कधी मोजल्या नव्हत्या.

हे डोळे तयार होतात भाताच्या आवणात. एका आषाढात मी मावशींच्या शेतावर आवणीला गेले होते. पालघरच्या या पट्ट्यात अजून राब भाजतात. रोपं टाकायची जागा शेण, पाला, काटक्या यांचा थर देऊन उन्हाळ्यात जाळायची. झाडांच्या फांद्या तोडाव्या लागतात म्हणून राबावर टीका होते, आणि ती खोटी नाही. पण त्या आगीने मातीतलं तणाचं बी भाजून निघतं, हेही खरं. तरी काही उरतंच. भातात सावा जातीचं एक गवत उगवतं, भाताहून भातासारखं. मी जुडीतून दहा रोपं काढून मावशींपुढे धरली. त्यांनी न थांबता तीन टाकून दिली. मी त्या तिन्हींची पानं खोडाला चिकटतात तिथे ओढून पाहिली. भाताला त्या सांध्यात पातळ पापुद्र्याची एक जिभली असते आणि दोन बाजूंना केसाळ कान. त्या तीन रोपांना जिभली नव्हती. परीक्षेत या जिभलीवर मला मार्क मिळाले होते. शेतात उभी राहून ती शोधायला मला एका रोपामागे अर्धं मिनिट लागत होतं. या बायका एका दिवसात हजारो रोपं लावतात.

सगळीच तणं असा पेच घालत नाहीत. लव्हाळ्याबद्दल कुणाच्या मनात शंका नसते. वरून कितीही उपटा, खाली गाठी शाबूत. आमच्याकडे तो शेडनेटखाली अंथरलेलं प्लॅस्टिक भोसकून वर यायचा. त्याच्याशी चार महिने भांडायचं आणि दिवाळीत उटण्याच्या पुडीवर नागरमोथा असं त्याचंच नाव वाचायचं, पैसे देऊन. मला दरवर्षी हसू येतं.

रोपवाटिकेतलं माणूस म्हटलं की गावचे लोक पिशव्या घेऊन येतात, आणि आता फोनवर फोटो. बोर्डीच्या एका बंगल्याच्या मालकांचा मे महिन्यात फोन आला. हिरवळीत उंदीर मेलाय, पण सापडत नाही, आणि तिथेच जमिनीतून काहीतरी जांभळं, मांसासारखं वर आलंय. मी गेले. सुरणाचं फूल होतं. माशा बोलावण्यासाठी ते सडक्या मांसाचा वास सोडतं. माळी ते खणून फेकायच्या तयारीत होता. मी म्हटलं, थांबा, वास चार दिवसांत जाईल. वास गेला, मग पावसात त्या जागी पट्ट्यापट्ट्यांचा, ठिपक्यांचा देठ उभा राहिला आणि पुन्हा फोन आला, आता साप आहे. दोन वर्षांनी त्यांनी तो सुरण खणून भाजी केली. घसा खाजला म्हणून तिसरा फोन आला. चिंच घालायची राहिली होती.

दुसरी तक्रार अशी हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. तलासरीकडचे एक गुरुजी सहा वर्षांनी कलमाची पावती घेऊन आले. चिकू म्हणून दिलंत, झाड मोठं झालं, पण हा चिकू नाही. जाऊन पाहिलं. पानं लहान, जाड, काळपट हिरवी, आणि टोकाला खाच. रायण. चिकूचं कलम आम्ही रायणीच्या खुंटावर बांधतो, कारण रायण काटक आणि तिचं मूळ खोल. कलम लहान असताना सांध्याच्या खालून रायणीचे फुटवे येतात, ते दिसताक्षणी मोडायचे असतात. गुरुजींच्या दारात एक जोमदार फुटवा होता आणि एक मलूल. त्यांनी मलूल होता तो तण समजून छाटला. मलूल होता तो चिकू. चूक त्यांची म्हणता येईना. विकताना सांध्यावर बोट ठेवून दोन वाक्यं सांगायची असतात, ती मी सांगितली नव्हती. मी त्यांना कालीपत्तीचं नवं कलम दिलं आणि रायण तोडायची तयारी दाखवली. ते म्हणाले, राहू दे, पाखरं तरी खातील.

त्या दिवशी परतताना मी आमच्या दर्शनी भागातल्या पिवळ्या फुलांच्या गालिच्याकडे थोडं वेगळ्या नजरेने पाहिलं. वेडेलिया. पाणी कमी लागतं, उन्हात चालतं, सावलीत चालतं, बारा महिने फुलं, पिशवी दहा रुपयांना. बंगलेवाले शंभर-शंभर पिशव्या नेत. आययूसीएनच्या जगातल्या शंभर घातक आक्रमक प्रजातींच्या यादीत रानमोडी आहे, घाणेरी आहे, आणि हा आमचा गालिचाही आहे. म्हणजे मागच्या बाजूला सहा बाया लावून मी एक काढत होते आणि पुढच्या बाजूला दुसरं बिल फाडून विकत होते. १९९१ साली केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला, कारखान्यांवर बंधनं आली. दहा रुपयांच्या पिशवीवर कसलं बंधन येणार? शेठना सांगून पाहिलं. ते म्हणाले, आपण नाही विकलं तर समोरचा विकेल. खोटं नव्हतं. शेवटी तोडगा निघाला तो अर्धामुर्धा. गच्चीवरच्या कुंडीसाठी मागितलं तर द्यायचं, मोकळ्या जमिनीसाठी मागितलं तर दुसरं काही सुचवायचं. निम्मे लोक गच्ची आहे असं सांगून नेत. बोर्डीतल्या एका ओहोळाच्या दोन्ही काठांवर आज पिवळी फुलं आहेत, आणि तो ओहोळ ज्यांच्या कुंपणाला लागून जातो त्यांचं बिल मी माझ्या हाताने लिहिलं होतं.

आता फोनमधलं ॲप आहे. त्याला मी नावं ठेवणार नाही. पिशव्यांच्या ओलसर मातीत उगवणारं एक चकचकीत, बदामी पानांचं, काचेसारख्या देठाचं रोप आम्ही कित्येक वर्षं नुसतं काचपान म्हणून काढत होतो. ते पेपरोमिया आहे हे ॲपने एका फोटोत सांगितलं. पण काचपान चार पानांचं असतानाही काचपानच दिसतं. गारवेलीच्या दुभंगलेल्या पहिल्या पानांचा फोटो दिला तर ॲप कांचन म्हणतं, आणि तेही ठासून. मावशींना नसेल माहीत तर त्या नाय म्हणत. ॲप नाही म्हणायला शिकलेलं नाही.

सोळा वर्षांत माझ्या हाती जी पद्धत उरली ती मावशींचा नियम आणि माझा नियम यांची तडजोड आहे. अनोळखी रोप दिसलं की तीन ठेवायची, बाकी सगळी त्याच दिवशी काढायची. ती तीन उचलून सिमेंटच्या कट्ट्यावर, जमिनीपासून लांब, कुंडीत लावायची. वहीत नोंद करायची, कुठल्या पिशवीत, कुठल्या झाडाखाली, बुडखा कसा, दूध आहे का, वास कसला. कळी धरली की जुन्या मच्छरदाणीची पिशवी शिवून वर बांधायची. फूल उमललं की एक रोप कागदात दाबायचं, नाव शोधायचं, आणि बी धरायच्या आत उरलेल्या दोघांचा निकाल लावायचा. यात कामावरच्या बायकांना आधी विचारायचं, पुस्तक नंतर. त्या "आपली नाय" म्हणाल्या तर ते मत म्हणून वहीत लिहायचं. या पद्धतीत आतापर्यंत सतरा रोपं गेली. अकरा तण निघाली, चार भाज्या, एक औषधी, आणि एक चक्क शेवंती, जी कुणीतरी आधीच्या पिशवीत विसरली होती.

वाचणाऱ्यांपैकी कुणी पावसाळ्यात रोपवाटिकेतून झाड आणणार असेल तर एक करा. पिशवी फाडण्याआधी वरची बोटभर माती खरवडून वेगळ्या कुंडीत टाका आणि महिनाभर बघा काय उगवतं. झाड आमच्याकडचं असतं, माती कुठली ते आम्हालाही सांगता येत नाही.

मावशी गेल्या वर्षीपासून कामाला येत नाहीत, गुडघे गेले. यंदा जुलैत मोगऱ्याच्या तीन पिशव्यांत एक नवं रोप आलं. खोड चौकोनी, पानं समोरासमोर, चुरगळली की ओव्यासारखा वास. त्यांच्या नातीबरोबर एक फांदी पाठवली. निरोप आला, वास ओळखीचा आहे, पान नाय. कट्ट्यावरच्या तिन्ही कुंड्यांना आज दहा आठवडे झाले. अजून कळी नाही.